शनिवारची बैठक आणि सकाळचा चहाचा कप

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४३. इंदुरात यंत्रांच्या सुट्या भागांची एजन्सी, बराचसा माल पीथमपूरच्या कारखान्यांना जातो. पंधरा वर्षांपासून मित्र आणि डीलर मंडळींबरोबर शनिवारची बैठक, तिथे पाच ‘पेग’. आधी ती अहात्यात (दारूच्या दुकानाला लागून असलेली बसून प्यायची जागा) व्हायची, अहाते बंद झाल्यापासून एका मित्राच्या गच्चीवर होते. त्याच सुमारास घरीही बाटली राहू लागली. सोमवार ते शुक्रवार रात्री जेवणाआधी ‘दोनच पेग’, झोप यावी म्हणून. पाच दिवसांत एक खंबा संपतो, पण ‘मला चढत नाही’. कधी धंद्याला दांडी नाही, घरात आरडाओरडा नाही, सकाळी उतारा नाही. दर श्रावणात पूर्ण बंद. यंदा मात्र बाराव्या दिवशी पुन्हा सुरू झाली, कारण ‘झोपच येईना, घाम सुटायचा’. बी.पी.ची गोळी गेल्या वर्षी सुरू झाली, सकाळी पहिल्या चहाच्या वेळी हात जरा थरथरतो तो त्यामुळेच असावा, असा अंदाज. पत्नीच्या मते हे व्यसन आहे. तिने जेवणात कालवायची कसली तरी पूड मागवल्याचं कळलं आणि घरात मोठं भांडण झालं. विचारलंय असं: मी सोशल ड्रिंकर आहे की व्यसनी? कमी करू की सोडू? आणि सोडली तर धंद्यातली माणसं तुटतील, त्याचं काय?

नमस्कार.

धंदा, मित्र, श्रावण, भांडण, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंय. थरथरणाऱ्या हाताला मात्र एकच वाक्य दिलंय, आणि तेही गोळीच्या नावावर घातलंय. आपण तिथूनच सुरुवात करू, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या वाक्यात आहेत.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. हे वाचून चिडून किंवा जिद्दीने आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. ऐकायला उलटं वाटेल. पण ज्याचा हात सकाळी थरथरतो आणि ज्याला दारू थांबवल्यावर घाम सुटतो, त्याने डॉक्टरांशिवाय एका झटक्यात थांबणं धोक्याचं असतं. या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांना किंवा फिजिशियनना भेटा. तोवर रोजचं प्रमाण वाढवू नका आणि एकदम शून्यावरही आणू नका.

आता हिशोब. तुम्ही ‘दोनच पेग’ म्हणता ते खोटं नाही, पेला दोनदाच भरत असाल. पण खंबा ७५० मिलीचा. पाच दिवसांत संपतो म्हणजे दिवसाला १५० मिली, म्हणजे तुमचा एक पेग ७५ मिलीचा झाला. मोजमापाने पाहिलं तर ३० मिलीच्या छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं (आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्क्यांची असते). तुमच्या दोन पेगांत ५० ग्रॅम होतं. शनिवारी पाच ‘पेग’ म्हणजे बैठकीच्या हाताने भरलेले ६० मिलीचे पाच लार्ज धरू, ते १०० ग्रॅम. आठवड्याचे झाले ३५० ग्रॅम. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये आठवड्याला ११२ ग्रॅमच्या वर जाऊ नका असं सांगितलं. ती मर्यादा तुमच्याकडे मंगळवारी रात्री जवळजवळ संपते, बुधवारी तुम्ही ती ओलांडता. आणि जागतिक आरोग्य संघटना तर जानेवारी २०२३ पासून स्पष्टच सांगते आहे की पूर्ण निर्धोक म्हणावं असं कोणतंच प्रमाण नाही.

‘आम्ही फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्या वाचकांनीही इथे थांबावं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं. म्हणजे चार छोटे पेग. बाटलीवर फेस असतो म्हणून ती सरबत होत नाही.

तुमची रात्र आता घड्याळावर मांडू. नऊ ते साडेदहा या वेळात ५० ग्रॅम पोटात जातं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं. लिंबू, ताक, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. तेव्हा पहाटे दोन ते चारच्या दरम्यान रक्तातली दारू संपते. तुम्हाला जाग कधी येते, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण याच सुमारास येत असणार. झोप लवकर लागते हे खरं आहे. पुढच्या अर्ध्या रात्रीची झोप मात्र दारूच मोडते. मग दुसऱ्या दिवशी थकवा, संध्याकाळी चिडचिड, आणि रात्री ‘झोप यावी म्हणून’ पुन्हा दोन. आजाराचंच औषध झालं की तो आजार आहे हे ओळखू येत नाही.

मेंदूत होतं ते असं. मेंदूला शांत करणारी एक यंत्रणा असते आणि उत्तेजित ठेवणारी दुसरी. दारू पहिलीचा जोर वाढवते, दुसरीला मंद करते, म्हणून पहिल्या पेगानंतर खांदे सैल पडतात. पण मेंदूला समतोल हवा असतो. रोज रात्री कुणीतरी ब्रेक दाबतंय म्हटल्यावर तो स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो. काही महिन्यांत दोन गोष्टी होतात. तितक्याच मजेसाठी जास्त प्यावं लागतं. आणि दारू उतरली की वाढवून ठेवलेला ॲक्सिलरेटर तसाच राहतो: हात थरथरतो, घाम येतो, छाती धडधडते, बी.पी. चढतं, झोप उडते. तुमचा चहाचा कप हे सांगतोय. बी.पी.चंही कारण तिथेच असू शकतं, कारण रोजच्या एवढ्या दारूने रक्तदाब वाढतो, आणि पुष्कळांचा तो दारू थांबल्यावर काही आठवड्यांत उतरतो.

मजेसाठी सुरू झालेली गोष्ट त्रास टाळण्यासाठी होऊ लागते, तो टप्पा फार हळू येतो. कुणी दिवस सांगू शकत नाही. तुमच्या बाबतीत मात्र एक खूण आहे, आणि ती मध्य प्रदेशातल्या सगळ्यांच्याच ओळखीची आहे. १ एप्रिल २०२३ पासून अहाते बंद झाले. निर्णय चांगला की वाईट हा वाद वेगळा. पण अहात्याला बंद व्हायची वेळ असते, बिल असतं, बाइक चालवत घरी जायचं असतं. हे तिन्ही ब्रेक बाहेरचे होते आणि तुमच्या नकळत काम करत होते. गच्चीवर बिल येत नाही. आपल्या दिवाणखान्यात तर उठायचंही नसतं. तुम्ही अजून स्वतःला बैठकीतला माणूस समजता. पण आठवड्याच्या ३५० ग्रॅमपैकी २५० तुम्ही एकट्याने पिता. बैठकीचं नाव पुढे चाललंय, पिणं केव्हाच घरात उतरलंय.

‘मला चढत नाही’ असं तुम्ही थोड्या अभिमानाने लिहिलंय. मित्रमंडळीत त्याचं कौतुकही होत असेल. वैद्यकात मात्र ही धोक्याची पाटी आहे. ज्यांना तरुणपणीच दारू कमी चढते, त्यांना पुढे अवलंबित्व जडण्याची शक्यता जास्त असते, कारण ‘बस झालं’ हा निरोप त्यांना उशिरा मिळतो. अवलंबित्वाच्या धोक्याचा जवळजवळ अर्धा वाटा आनुवंशिक असतो. तेव्हा घराण्यात आजोबा-काका-मामांपैकी कुणाचं काय झालं होतं, ते आईला विचारून घ्या. मराठी घरांत हे विषय ‘पोटाच्या आजाराने गेले’ एवढ्यावर मिटवलेले असतात.

आता श्रावण. इंदुरात तसेही दोन श्रावण असतात, शेजाऱ्यांचा पौर्णिमेनंतर लागतो आणि आपला अमावास्येनंतर; पाळणाऱ्याला सोयीचा निवडता येतो. ‘महिनाभर सोडू शकतो, म्हणजे मला व्यसन नाही’ हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि तोच तपासायला हवा. सोडता येणं हा पुरावा नाही. बघायचं ते पहिल्या तीन दिवसांत शरीर काय करतं आणि पुन्हा सुरू झाल्यावर किती दिवसांत जुन्या प्रमाणावर येता, हे. यंदा तुम्हाला घाम सुटला, झोप गेली आणि बाराव्या दिवशी संकल्प मोडला. गेल्या वर्षी हे नव्हतं. शिवाय दरवर्षी झटक्यात बंद, मग पुन्हा सुरू, असं केल्याने मेंदू त्या धक्क्याला अधिकाधिक संवेदनशील होत जातो. त्रास प्रत्येक खेपेला वाढू शकतो. म्हणून पुढच्या श्रावणाची वाट पाहणं हा तुमच्यासाठी उपाय नाही.

मग तुम्ही व्यसनी का? जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या आजार-वर्गीकरणात तीन खुणा दिल्या आहेत: किती, कधी, केव्हा थांबायचं यावरचा ताबा सुटणं, बाकीच्या गोष्टींपेक्षा दारूला जास्त महत्त्व मिळणं, आणि शरीराची खूण, म्हणजे जास्त लागणं किंवा थांबवल्यावर त्रास होणं. तीनपैकी दोन वर्षभरात दिसत असतील, किंवा रोज पिणाऱ्यात तीन महिने दिसत असतील, तर त्याला अवलंबित्व म्हणतात. तिसरी खूण तुमच्यात स्पष्ट आहे. पहिलीबद्दल श्रावणाने साक्ष दिली. निदान डॉक्टर करतील, पण मला इथे फारशी शंका वाटत नाही. ‘दारुडा’ या शब्दात दांडी, मारहाण, गटार असं सगळं आलं पाहिजे असं आपण धरून चालतो, आणि त्यातलं काही नाही म्हणून निर्धास्त राहतो. शरीर धंद्याची हजेरी बघत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ साली आलेल्या सर्वेक्षणात देशातल्या पिणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एक जण अवलंबित निघाला, आणि अशा ३८ जणांतल्या एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेले सदतीस तुमच्यासारखेच कामावर जात असणार.

हात थरथरत नाही, पण शंका आहे, अशा वाचकांनी आधी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. गुण ४० पैकी असतात. ८ पासून पुढे सावध व्हायचं, २० पासून पुढे अवलंबित्वाचा दाट संशय. मग चार आठवड्यांची परीक्षा घ्यावी. ३० मिलीचं माप विकत आणायचं, आठवड्यातले निदान चार दिवस कोरडे ठरवायचे, बाकीच्या दिवशी दोन मापं, आणि प्रत्येक माप ओतण्याआधी वहीत लिहायचं. प्यायल्यावर लिहिलेली वही कामाची नाही. महिन्यात तीनदा नियम मोडला तर प्रश्न इच्छाशक्तीचा राहिला नाही असं समजून मदत घ्यावी. तीनचा आकडा कोणत्या ग्रंथातला नाही, व्यवहारातला आहे.

तुम्ही मात्र या परीक्षेच्या पुढे गेला आहात. ‘कमी करू की सोडू’ याचं माझं उत्तर: सोडा, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. कमी करण्याचा मार्ग तुमच्यासाठी सोपा नाही, अवघड आहे. रोज रात्री पहिला पेग घेऊन, निर्णय घेणारा मेंदू सैल करून, मग त्यालाच दुसरा न घेण्याचा निर्णय घ्यायला सांगायचं. न घेणं एकदाच ठरवावं लागतं.

पहिला आठवडा कसा जातो, ते आधीच माहीत असावं. शेवटच्या पेगानंतर ६ ते ८ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान थोड्या लोकांना भ्रम होतो: दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप आणि नाडी चढते. ती अवस्था जीवघेणी असते. घरी पंखा घालत बसू नका, १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या आणि शेवटची दारू कधी घेतली ते पहिल्याच वाक्यात सांगा. हे टाळण्यासाठी डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा तत्सम गोळ्या देतात, त्या पाच-सात दिवसांत उतरवत बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. इथे घरोघरी एक चूक होते. ‘फार अशक्तपणा आलाय’ म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली चढवली जाते. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन आधीच कमी असतं. त्यावर थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून थायमिन आधी. आणि मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून स्वतःच हा प्रयोग करू नका. दारूवर त्या घेतल्या तर श्वास मंदावतो.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे झोप वाईटच लागेल. पुष्कळ जण इथेच पुन्हा बाटली काढतात. ती हळूहळू बसते. ओढ कमी करणारी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून डॉक्टर निवडतात आणि साधारण सहा महिने ते वर्षभर चालवतात.

पुडीबद्दल आता तुमच्या पत्नीशी बोलायचंय, हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. वहिनी, तुमचा हेतू समजतो. पण अशा पुड्यांत काय असतं ते पाकिटावर खरं लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम असेल तर त्यावर दारू प्यायल्याने चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, आणि क्वचित मृत्यूही येऊ शकतो. हे औषध डॉक्टर वापरतात, पण रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, आणि शेवटच्या पेगाला निदान १२ तास उलटल्यावर. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. नकळत घालणं म्हणजे बी.पी.च्या रुग्णाच्या जेवणात सुरुंग पेरणं. पाकीट फेकून द्या. रात्री पेला हातात असताना वाद घालू नका, पेगही मोजत बसू नका. जे बोलायचं ते सकाळी चहाच्या वेळी, थरथरणारा हात दोघांच्या समोर असताना. अल-अनॉन नावाचे गट पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात, तिथे नवरा सुधारो न सुधारो, तुम्हाला आधार मिळतो.

राहिला धंदा. सगळी माणसं टिकतील असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. ज्यांच्याशी पेल्याशिवाय दुसरा विषयच नाही, ते एक-दोन जण गळतील. पण डीलर तुमच्याकडे उधारीची मुदत आणि वेळेवर माल यासाठी येतात. पहिले तीन महिने गच्चीवर जाऊच नका. कारण विचारलं तर ‘डॉक्टरांनी बी.पी.साठी बंद केलीय’ एवढं पुरे, आणि ते खरंही आहे. त्याऐवजी आमंत्रण तुम्ही द्या. सकाळी छप्पन दुकानवर पोहे-जिलेबी, नाहीतर रात्री सराफ्यात गराडू. दारूशिवाय मध्यरात्रीपर्यंत माणसं जमवणारं यासारखं शहर शोधून सापडणार नाही. पावसाळ्यात दाल-बाफल्याची गोठ, म्हणजे सहलीचं जेवण, ठरली तर स्वयंपाकाचं काम अंगावर घ्या, हात गुंतलेले राहतात. पुढे कधी जावंच लागलं तर घरून जेवून जा, रिकाम्या पोटी ओढ जास्त लागते. लिंबू-सोडा स्वतः ओतून घ्या. गाडी स्वतःची न्या आणि साडेनऊला निघा. गाडीवरून आठवलं: शनिवारच्या १०० ग्रॅमची शेवटची मात्रा रविवारी सकाळपर्यंत रक्तात असू शकते. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे. मुलांना सकाळच्या शिकवणीला सोडणारा बाप स्वतःला शुद्धीवर समजत असतो.

डॉक्टरांकडे जाताना बी.पी.ची चिठ्ठी आणि आठवडाभराच्या मिलींचा खरा हिशोब न्या, पेगांचा नको. यकृताच्या तपासण्या, जी.जी.टी., रक्तपेशींची तपासणी, साखर आणि पोटाची सोनोग्राफी सांगतील. खासगीत जायचं नसेल तर बाणगंगेला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे. नाव ऐकून बिचकू नका. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ आणि केंद्राच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६, दोन्ही विनामूल्य आहेत. भेट सकाळचीच घ्या. पहिल्या चहानंतर लगेच, म्हणजे हात डॉक्टरांनाही दिसेल.